पेरिगोर

पेरिगोर : नैर्ऋत्य फ्रान्समधील एक जुना प्रांत. १७९० मध्ये प्रांत मोडून जिल्हे आखले गेले, तेव्हा याचा मुख्यतः दोर्दोन्य जिल्हा झाला. बोलण्यात मात्र जुनेच नाव टिकून आहे. ते पेत्रोकोरी या गॉल (रोमनपूर्व फ्रान्समधील) टोळीचे. पेरिग्यू हे मुख्य शहरही त्याच नावावरून ओळखले जाते.

इथला चुनखडक समजला की प्रदेश समजतो. वेझेर नदीने तो कापत नेल्याने काठाला कडे, कपारी आणि गुहा आल्या. लेझेझी गावातील क्रो-मान्यों कपारीत १८६८ मध्ये सापडलेल्या सांगाड्यांवरून अश्मयुगीन ‘क्रो-मान्यों’ मानवाला नाव मिळाले. मोंतिन्याकजवळची, अश्मयुगीन भित्तिचित्रांची लास्को गुहा १२ सप्टेंबर १९४० रोजी सापडली आणि १९४८ मध्ये लोकांना खुली झाली. पुढे रोज हजाराहून अधिक माणसे आत जाऊ लागली. त्यांच्या श्वासातली वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि दिव्यांचा उजेड यांनी भिंतींवर हिरवे शेवाळ धरले, कॅल्साइटचा पांढरा थर चढू लागला. १९६३ मध्ये गुहा बंद झाली. आता पाहायला मिळतात त्या प्रतिकृती : १९८३ ची मोजक्या भागाची, २०१६ ची जवळपास पूर्ण. अस्सल बहुरंगी चित्रांसाठी फों-द-गोम गुहेत जावे. प्रवेश मोजकेच असल्याने ऐन उन्हाळ्यात आयत्या वेळी गेलेले बहुधा रिकामे परततात. रुफिन्याक गुहेत विजेच्या छोट्या गाडीतून आत नेतात. तिथे चित्रांत मॅमथच (केसाळ प्राचीन हत्ती) मॅमथ. गुहेत ऑगस्टातही स्वेटर लागतो.

हाच दगड सार्ला गावाच्या छपरांवर आहे. ‘लोझ’ म्हणजे चुनखडकाच्या चपट्या लाद्या, एकीवर एक रचलेल्या. चौरस मीटरला वजन सुमारे अर्धा टन भरते. उतार कमी ठेवला तर सगळा भार वाशांवर येऊन ते वाकतात. छप्पर उभट केले की भार भिंतींवर उतरतो. पडझडीला आलेले हे गाव जुन्या वस्त्या जपण्यासाठीच्या १९६२ च्या मालरो कायद्यामुळे सावरले. शनिवारी बाजार भरतो. अक्रोड, बदकाचे मांस आणि हिवाळ्यात काळे ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी). गर्दी टाळायची असेल तर सकाळी लवकर पोहोचावे.

इंग्लंड-फ्रान्समधील शतवार्षिक युद्धात दोर्दोन्य नदी ही बराच काळ सरहद्द होती. बेनाकचा किल्ला फ्रेंचांकडे, समोरचा कास्तेलनो अनेकदा इंग्रजांकडे. दोन्ही एका नजरेत येतात ते नदीतल्या होडीतून. दक्षिणेला मोंपाझिये हे इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२८४ मध्ये वसवलेले आखीव गाव : काटकोनात गल्ल्या, मधोमध कमानींचा चौक आणि घराघरांमध्ये जेमतेम हातभर फट. आग शेजारी पसरू नये आणि छपराचे पाणी वाहून जावे, यासाठी ती सोडलेली.

सार्ला, लेझेझी येथे रेल्वे येते. मोंतिन्याकला स्थानक नाही, तेव्हा गाडी भाड्याने घेणेच सोयीचे.