वेशीतल्या देवळात संडास

जेरुसलेमहून नैऋत्येला निघालं की डोंगर संपून सपाटी लागायच्या आधी लाखीश नावाचं एक प्राचीन शहर मातीखाली गाडलेलं आहे. २०१६ साली तिथल्या वेशीचं राहिलेलं खोदकाम पुरं झालं. वेस म्हणजे नुसती कमान नव्हे. साडेचोवीस मीटर लांब, तेवढीच रुंद, आत दोन्ही हातांना मिळून सहा खोल्या. त्यातल्या एका खोलीच्या आतल्या अंगाला गिलावा केलेली एक छोटी जागा होती आणि तिथे वेद्या सापडल्या. त्या मुलखात वेदीच्या चारी कोपऱ्यांवर शिंगांसारखे उंचवटे ठेवायची रीत होती. इथली शिंगं मात्र कुणीतरी मुद्दाम ठोकून उडवलेली. कोपऱ्यात आणखी एक दगड होता. बसायला सपाट, मधोमध भोक. संडासच तो.

खालची माती प्रयोगशाळेत तपासली, तेव्हा कळलं की त्याचा वापर एकदाही झालेला नव्हता. म्हणजे तो कुणाच्या सोयीसाठी नव्हताच. तिथे पुन्हा कुणी धूप घालू नये म्हणून जागा बाटवायला आणून ठेवलेला होता. बायबलमध्ये येहू नावाच्या राजाने बआल या परक्या देवाचं देऊळ पाडून तिथे शौचकूप केल्याची नोंद आहे. वाचताना ती शिवी वाटते. लाखीशचा दगड पाहिल्यावर वाटतं, ही त्या काळची बाटवण्याची रूढ तऱ्हाच असावी. (ती खोली मुळात देऊळ नव्हतीच असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. मला त्या तुटलेल्या शिंगांचं दुसरं कारण सुचत नाही.)

उत्खनन करणाऱ्यांनी या कामाचा धनी म्हणून ज्याचं नाव घेतलं, तो यहूदाचा, म्हणजे जेरुसलेम राजधानी असलेल्या राज्याचा, राजा हिज्कीया. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीचा. पंचविसाव्या वर्षी गादीवर आला आणि २९ वर्षं राज्य केलं, असं बायबलमधल्या ‘राजे’ या ग्रंथात म्हटलं आहे. त्याच्या धर्मसुधारणेला त्या ग्रंथाने एकच वाक्य दिलं आहे: त्याने उच्चस्थानं काढून टाकली, स्तंभ फोडले, अशेरा (देवीचा लाकडी खांब) तोडली आणि मोशेने केलेल्या पितळी सापाचे तुकडे केले, कारण लोक त्या सापापुढे धूप जाळत. सापाचं नाव नहुश्तान. हिब्रूत नाहाश म्हणजे साप आणि नेहोशेत म्हणजे तांबं किंवा पितळ, दोन्ही त्या एका नावात ऐकू येतात.

उच्चस्थानं म्हणजे गावोगावची, टेकड्यांवरची, वेशीतली, किल्ल्यांतली पूजास्थानं. ती सगळी परक्या देवांची होती असा आपला समज होतो, पण तसं नव्हतं. तिथे यहोवाची, म्हणजे यहूदाच्या स्वतःच्या देवाचीच पूजा व्हायची, फक्त जेरुसलेमच्या मंदिराबाहेर. पुढे चालून आलेल्या अश्शूर साम्राज्याचा सेनापती जेरुसलेमच्या तटाखाली उभा राहून लोकांना डिवचतो तेव्हा नेमकं हेच बोलतो: तुम्ही म्हणता आमचा भरवसा यहोवावर आहे, पण ज्याची उच्चस्थानं आणि वेद्या हिज्कीयाने काढून टाकल्या, तोच ना हा देव? हिज्कीयाचे दरबारी लोक काकुळतीला येऊन त्याला म्हणतात, महाराज, अरामी भाषेत बोला, आम्हाला कळते. तटावरच्या लोकांना समजेल अशा आमच्या बोलीत नको. राजाचा हुकूम सगळ्यांना रुचला नव्हता हे शत्रूलाही ठाऊक होतं, असंच लिहिणाऱ्याला सांगायचं असावं.

आता वाक्य एक असलं तरी हुकूम बजावणारे हात एक नसतात. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत रस वाटतो तो इथे.

दक्षिणेकडे, वाळवंटाच्या कडेला, अराद नावाचा एक छोटा किल्ला आहे. योहानान अहारोनी या पुरातत्त्वज्ञाने १९६० च्या दशकात तो खणला, तेव्हा किल्ल्याच्या आत चक्क एक देऊळ निघालं. गाभाऱ्याच्या पायरीवर चुनखडीच्या दोन धूपवेद्या होत्या, एक सुमारे अर्धा मीटर उंच, दुसरी त्याहून थोडी बुटकी. दोन्ही आडव्या निजवलेल्या. तोडलेल्या नाहीत, कुणी लाथ मारून पाडलेल्या नाहीत. मग त्यांवर मातीचा भराव टाकून जागा बुजवलेली. ज्याने कुणी हे केलं, त्याने हुकूम पाळला. पण हात आखडता घेऊन. पुन्हा कधीतरी उघडता येईल, असं मनात ठेवून निजवल्यासारखं.

या भरावाने विज्ञानावर मोठे उपकार केले. वेद्यांच्या माथ्यावर जळलेल्या द्रव्याचा काळपट गोल थर तसाच चिकटून राहिला होता. साठच्या दशकात त्याची तपासणी झाली होती, पण तेव्हाच्या साधनांच्या हाती ठोस काही लागलं नाही. २०२० साली एरान अरीए, बारूख रोझेन आणि द्वोरी नामदार यांनी तोच थर पुन्हा खरवडला. असा नमुना विद्रावकात भिजवून त्यातले रेणू वेगवेगळे करतात आणि प्रत्येक रेणूचं वजन व त्याचे तुकडे कसे पडतात यावरून तो ओळखतात. काही रेणू एखाद्याच वनस्पतीत मिळतात, त्यामुळे राख झाली तरी ती वनस्पती नाव सांगून जाते. मोठ्या वेदीवर निघालं लोबान, तेही जनावराच्या चरबीत मिसळलेलं. लोबानाचं झाड दक्षिण अरबस्तानातलं, म्हणजे आपल्या सातपुड्यातल्या सालईचं भाऊबंद. वाळवंटी वाटेने उंटांवरून आलेला हा महाग माल एका सरहद्दीवरच्या चौकीत जळत होता.

धाकट्या वेदीवर निघाला गांजा.

आणि तो शेणात मिसळलेला. हे वाचून नाक मुरडू नका. लोबानाला वास सोडायला जास्त ताप लागतो, म्हणून त्याच्या जोडीला चरबी. गांजा मोठ्या आचेवर टाकला तर नुसता भडकून जळून जातो. त्यातली गुंगी आणणारी द्रव्यं धुरातून सुटायला मंद धग हवी. गोवरीची धग ज्याने पाहिली आहे त्याला यापुढे सांगायला नको. पुजाऱ्यांना दोन धूपांचे दोन ताप ठाऊक होते आणि त्यांनी त्यासाठी दोन वेगळी इंधनं वापरली. नुसता चांगला वास यावा एवढंच हवं असतं तर दुसरी पुष्कळ द्रव्यं होती. गाभाऱ्यात धूर कोंडला की मन हलकं व्हावं, हाच त्यांचा हेतू असावा, असं संशोधकांचं मत आहे आणि ते मला पटतं. बायबलमध्ये धूपाच्या द्रव्यांची यादी आहे, तीत हे नाही.

तिसरं ठिकाण बेरशेबा. तिथे अहारोनींना १९७३ साली घडीव दगडांच्या एका मोठ्या शिंगवेदीचे तुकडे सापडले, पण वेदी म्हणून नव्हे. एका कोठाराच्या भिंतीत ते साध्या बांधकामाच्या दगडांसारखे चिणलेले होते. एका दगडावर वळवळणारा साप कोरलेला आहे. नहुश्तानाची आठवण होणारच, पण त्या सापाचा याच्याशी संबंध जोडायला पुरावा नाही. आणखी एक गंमत अशी की मोशेच्या नियमात वेदी अनघड दगडांची असावी, छिन्नी लावू नये, असं स्पष्ट आहे. बेरशेब्याची वेदी छिन्नीने सफाईदार घडवलेली. ज्या देवासाठी नियम, त्याच्याच वेदीवर नियमाला फाटा.

म्हणजे एका जागी बाटवलं, एका जागी निजवून झाकलं, एका जागी दगड भिंतीला लावले. जेरुसलेमहून हुकूम एक सुटला असेल; लाखीशच्या अधिकाऱ्याने तो आवेशाने बजावला, अरादच्या किल्लेदाराने जड मनाने, आणि बेरशेब्यात कुणीतरी फक्त हिशेबाने. घडीव दगड फुकट मिळाले तर कोण सोडतो?

पण हे सगळं हिज्कीयाच्याच काळातलं कशावरून? इथे शत्रूच मदतीला येतो. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. तटबंदीची ४६ गावं घेतली आणि हिज्कीयाला ‘पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं’ जेरुसलेमात कोंडलं, असं त्याने सहा बाजूंच्या मातीच्या स्तंभावर कोरून ठेवलं आहे. जेरुसलेम मात्र पडलं नाही. लाखीश जळलं, आणि तो जळका थर म्हणजे अभ्यासकांचं घड्याळ. त्या राखेत जे सापडतं ते ७०१ चं किंवा थोडं आधीचं. याच थरात मुठीवर ‘लमलेख’ म्हणजे ‘राजाचं’ असा शिक्का असलेले रांजण सापडतात. अशा शिक्क्यांच्या दोन हजारांहून अधिक मुठी आजवर मिळाल्या आहेत. शिक्क्यावर गावाचं नाव चारांपैकी कुठलंही असो, माती मात्र सगळ्यांची एकाच पट्ट्यातली, हे मातीतल्या मूलद्रव्यांच्या मोजणीतून कळलं. राजाने धान्य-तेलाचा साठा एका हाताखाली आणला होता.

याच मुठींनी भूगर्भशास्त्राचंही काम केलं. रांजण भट्टीत भाजून थंड होताना मातीतले लोहकण त्या घटकेचं पृथ्वीचं चुंबकत्व धरून ठेवतात. एरेझ बेन-योसेफ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये यहूदाच्या शिक्क्यांच्या ६७ मुठी मोजल्या. आठव्या शतकाच्या अखेरीला चुंबकीय क्षेत्र अचाट तीव्र होतं आणि मग तीसेक वर्षांत वीस टक्क्यांहून जास्त उतरलं. हिज्कीयाच्या कुंभारांना याची सुतराम कल्पना नव्हती. त्यांना फक्त रांजण वेळेवर भरून हवे होते.

धर्मसुधारणा आणि युद्धाची तयारी या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात असं मला वाटत नाही. उत्तरेचं इस्राएल राज्य वीस वर्षांपूर्वी पडलं होतं, तिथले निर्वासित जेरुसलेमात कोंबले गेले होते, आणि राजाने सात मीटर जाडीचा नवा तट घालायला घेतला होता. गीहोन झऱ्याचं पाणी शहरात वळवण्यासाठी ५३३ मीटरचा बोगदा दोन्ही टोकांकडून खणला गेला. गिलाव्यात अडकलेल्या वनस्पतींच्या कार्बन-तारखा आणि छतावरच्या चुनखडीच्या लोंब्यांचं युरेनियम-थोरियम वय यांवरून २००३ साली तो साधारण याच काळात बसवला गेला, तरी काही उत्खननकार तो आणखी जुना मानतात. आणि अश्शूरी सैन्य जिंकलेल्या गावातली देवस्थानं लुटून नेत असे. अश्शूरची राजधानी निनवे, तिथल्या राजवाड्यातल्या भिंतीवर लाखीशची लूट कोरली आहे, त्यात शिपाई उंच धूपदाण्या घेऊन चाललेले दिसतात. सरहद्दीवरचे देव आधीच मिटवले तर शत्रूच्या हाती काय लागणार?

राजा स्वतः किती कट्टर होता याचीही शंका येते. २००९ साली जेरुसलेमात पुरातत्त्वज्ञ एलात माझार यांच्या उत्खननातली माती पाण्यात चाळताना नखाएवढा मातीचा ठसा निघाला. तो नीट वाचून २०१५ साली जाहीर झाला: ‘यहूदाचा राजा हिज्कीया, आहाजचा’. मागे पपायरसचे आणि दोऱ्याचे वण. अक्षरांच्या मधोमध पंख खाली झुकवलेलं सूर्यबिंब आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आंख, म्हणजे मिसरी (इजिप्तचं) जीवनचिन्ह. मूर्ती फोडणाऱ्या राजाची सही मिसरी सूर्याखाली.

आणि जेरुसलेमच्या जवळच, सहा-सात किलोमीटरवर, मोत्सा नावाच्या जागी २०१२ मध्ये रस्त्याच्या कामाआधी खणताना एक पुरं मंदिर सापडलं. अंगणात वेदी होती, आणि माणसांच्या-घोड्यांच्या छोट्या मातीच्या मूर्ती. ते हिज्कीयाच्या आधी उभं राहिलं आणि त्याच्या मागून शंभर वर्षं, सहाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, चालू राहिलं. राजवाड्यापासून दीड तासाच्या चालीवर. दिव्याखाली अंधार म्हणावा, की त्या पुजाऱ्याचे दरबारात कुणी नातलग होते, हे दगड सांगत नाहीत.