न्यूरोलॉजिस्ट की न्यूरोसायंटिस्ट? स्वमग्नतेच्या संशोधनाच्या दोन वाटा

'मी मेंदूवर काम करतो' असे एखाद्या तरुण संशोधकाने सांगितले की समोरचा त्याला डॉक्टर समजतो आणि लगेच डोकेदुखीवर औषध विचारतो. नावे इतकी जवळची आहेत की त्याला दोष देता येत नाही. न्यूरोलॉजिस्ट हा वैद्यकीय पदवीनंतर मज्जासंस्थेच्या आजारांचे विशेष शिक्षण घेतलेला आणि रुग्ण तपासणारा डॉक्टर असतो. न्यूरोसायंटिस्ट बहुधा जीवशास्त्र, मानसशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्रातून आलेला पीएच.डी.धारक असतो, केवळ त्या पदवीवर त्याला औषध लिहून देता येत नाही. स्वमग्नतेवर, म्हणजे ऑटिझमवर, काम करू पाहणाऱ्याने मात्र पदवीपेक्षा आपला प्रश्न कुठे जन्म घेतो, हे आधी पाहावे.

रेट सिंड्रोमच्या संशोधनात हा फरक स्पष्ट दिसतो. प्रामुख्याने मुलींमध्ये आढळणाऱ्या या विकारात सुरुवातीची वाढ नेहमीसारखी वाटते आणि मग बोलणे व हातांचा वापर हरपत जातो. एकेकाळी त्याची गणना स्वमग्नतेशी संबंधित विकारांच्या गटात होत असे. हुदा झोगबी या बालकांच्या न्यूरोलॉजीचे प्रशिक्षण घेत असताना १९८३ मध्ये त्यांनी अशी पहिली मुलगी तपासली, आणि तिच्या आजाराचे कारण शोधण्यासाठी त्या पुढे प्रयोगशाळेत जाऊन आनुवंशिकी शिकल्या. तिकडे एड्रियन बर्ड हे जीवरसायनशास्त्रज्ञ डीएनएवरील मिथाइल खुणांना, म्हणजे जनुकांच्या कामावर परिणाम करणाऱ्या रासायनिक खुणांना, कोणती प्रथिने चिकटतात, एवढाच प्रश्न घेऊन बसले होते. १९९२ मध्ये त्यांच्या गटाला 'एमईसीपी२' हे प्रथिन सापडले, तेव्हा कोणताही रुग्ण त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. १९९९ मध्ये झोगबींच्या गटाने रेटचे कारण याच प्रथिनाच्या जनुकातील बिघाडात असल्याचे दाखवले. पुढे २००७ मध्ये बर्ड यांच्या गटाने उंदरांमध्ये हे बंद ठेवलेले जनुक पुन्हा सुरू केले, तेव्हा आधीच दिसू लागलेली लक्षणेही बऱ्याच अंशी मागे फिरली. यातला कोणता शोध मोठा, हा वाद मला व्यर्थ वाटतो.

मात्र दोन्ही वाटांच्या उणिवा सारख्या नाहीत. स्वमग्नतेचे निदान आजही रक्तचाचणीने किंवा मेंदूच्या स्कॅनने होत नाही. वागणे, संवाद आणि वाढीचा इतिहास पाहूनच ते केले जाते. (हे काम पुष्कळदा न्यूरोलॉजिस्ट नव्हे, तर बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञ करतात, हा आणखी एक गोंधळ.) त्यामुळे एकाच निदानाखाली येणारी माणसे एकमेकांपासून किती वेगळी असतात, हे डॉक्टरला रोज दिसते, उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी वर्षे घालवणाऱ्याला ते सहज दिसत नाही. फ्रॅजाइल एक्स या, अनेकदा स्वमग्नतेची लक्षणे दाखवणाऱ्या आनुवंशिक विकारात उंदरांमध्ये आशा दाखवणारी काही औषधे माणसांवरील चाचण्यांमध्ये अपेक्षित परिणाम दाखवू शकली नाहीत, याची आठवण येथे ठेवावी. डॉक्टरची अडचण वेगळी: वेळ. बाह्यरुग्ण विभाग, रात्रपाळ्या आणि परीक्षा यांतून प्रयोगाची रचना, संख्याशास्त्र आणि फसलेला प्रयोग पुन्हा करण्याची चिकाटी शिकायला फार थोडी जागा उरते.

दोन्ही पदव्या एकत्र देणारे अभ्यासक्रमही आहेत. अमेरिकेत सरकारी मदतीने असा कार्यक्रम १९६४ पासून चालतो. त्याला साधारण आठ वर्षे लागतात आणि विशेष प्रशिक्षण त्यानंतर सुरू होते. एवढी वर्षे केवळ दोन्ही दारे उघडी राहावीत म्हणून देणे मला महाग वाटते. रुग्ण तपासण्याची खरोखर ओढ असेल तरच ती द्यावीत. नाहीतर पीएच.डी. करतानाच निदान करणाऱ्या चमूबरोबर नियमित बसावे आणि वर्तननिरीक्षणाच्या प्रमाणित चाचण्यांचे संशोधनापुरते प्रशिक्षण घ्यावे. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही, फक्त निदानाचा अधिकार त्यातून मिळत नाही.