वेब समिटचे स्थलांतर (डब्लिन ते लिस्बन)

आयर्लंडमध्ये जन्मलेली आणि तिथेच वाढलेली ‘वेब समिट’ ही तंत्रज्ञान परिषद 2016 पासून पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे भरते. मोठी परिषद देशाच्या हातून गेल्याचे उदाहरण म्हणून हे प्रकरण नेहमी सांगितले जाते. त्याआधी 2006 मध्ये मोबाइल उद्योगाचा सर्वांत मोठा मेळावा फ्रान्समधील कान सोडून बार्सिलोनाला गेला होता. पण तिथे गाव अपुरे पडले, एवढेच. डब्लिनचे प्रकरण चव्हाट्यावर आले.

पॅडी कॉसग्रेव्ह, डेव्हिड केली आणि डेर हिकी यांनी सुरू केलेल्या या परिषदेला आरंभी जेमतेम चारशे माणसे होती. 2015 मध्ये हा आकडा 42 हजारांवर गेला. गूगल, फेसबुक यांची युरोपीय मुख्यालये डब्लिनमध्ये असल्याने परिषद सरकारच्याही अभिमानाचा विषय होती. 2013 मध्ये पंतप्रधान एंडा केनी यांनी न्यूयॉर्कच्या नॅसडॅक बाजाराची सकाळची घंटा वाजवली, तीही डब्लिनमधल्या याच व्यासपीठावरून.

दुखणे मात्र साधेच होते. परिषद बॉल्सब्रिज भागातील रॉयल डब्लिन सोसायटीच्या आवारात भरे. शहराला मेट्रो नाही, विमानतळापर्यंत रेल्वे नाही. परिषदेच्या दिवसांत त्या भागातली वाहतूक तुंबे. हॉटेलांचे दर त्या आठवड्यात अवाच्या सवा चढत. 2014 मध्ये तर इंटरनेटच्या परिषदेत वाय-फायच कोलमडले, आणि दोष कोणाचा यावरून आयोजक व जागेचे मालक यांच्यात जुंपली. 2015 मध्ये 20 युरोंच्या जेवणावरून आयोजकांचीही यथेच्छ टिंगल झाली, हेही सांगायला हवे.

23 सप्टेंबर 2015 रोजी स्थलांतर जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात कॉसग्रेव्ह यांनी पंतप्रधान कार्यालयाशी झालेला ई-मेल व्यवहार उघड केला. त्यांचा सूर असा, की आम्ही पैसे मागितलेच नव्हते; वाहतुकीचा आराखडा, जादा बस, हॉटेलांच्या दरांना लगाम आणि चालणारे वाय-फाय एवढेच हवे होते. सरकारी संस्थांकडून आधी मिळालेल्या पैशांना ते ‘तोंड बंद ठेवण्याचे पैसे’ म्हणाले, तेव्हा सहानुभूती असलेलेही बिचकले. सरकारने हॉटेलांचे दर ठरवावेत ही अपेक्षा अवाजवीच होती. बसचा आराखडा मागणे मात्र मुळीच अवाजवी नव्हते.

लिस्बनकडे हे सगळे आयते होते. 1998 च्या जागतिक प्रदर्शनासाठी तेजो नदीकाठी वसवलेल्या भागात मोठे बंदिस्त रिंगण आणि प्रदर्शन-दालने शेजारी शेजारी आहेत. जवळच्या ओरिएंत स्थानकावरून मेट्रोने विमानतळ अवघा तीन थांबे. आर्थिक मंदीतून नुकत्याच सावरणाऱ्या पोर्तुगालने वर्षाला सुमारे 13 लाख युरोही देऊ केले. नोव्हेंबर 2016 मध्ये तिथे 53 हजार लोक जमले. पहिल्या संध्याकाळी रिंगण भरले आणि हजारो जण बाहेरच राहिले. कॉसग्रेव्ह मंचावरून थेट प्रक्षेपण करायला गेले, तर जोडणीच मिळेना. डब्लिनमधल्या वाचकांनी ही बातमी किती चवीने वाचली असेल, याची कल्पना करता येते.

‘पैशांचा प्रश्नच नव्हता’ हा सूर पुढे फारसा टिकला नाही. 2018 मध्ये करार संपत आला तेव्हा इतर युरोपीय शहरेही स्पर्धेत उतरली, आणि पोर्तुगालने वर्षाला 1 कोटी 10 लाख युरो देऊन परिषद दहा वर्षांसाठी, म्हणजे 2028 पर्यंत, राखली. प्रदर्शन-दालने वाढवण्याचे आश्वासनही त्यात होते. घालवणे फुकट झाले, राखणे महागात पडले. फक्त देश वेगळे.

मराठी वाचकांसाठी एक धागा : मालवणजवळच्या वराड गावाशी नाते सांगणारे लिओ वराडकर 2011 ते 2014 या काळात आयर्लंडचे वाहतूक व पर्यटन मंत्री होते. परिषद डब्लिनमध्ये फुगत गेली ती याच वर्षांत. स्थलांतर जाहीर झाले तेव्हा ते आरोग्य खाते सांभाळत होते, आणि 2017 मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा लिस्बनमधली पहिली परिषद होऊन गेली होती.

डब्लिनने फेब्रुवारी 2017 मध्ये ‘डब्लिन टेक समिट’ नावाची, आकाराने बरीच लहान, नवी परिषद सुरू केली. वेब समिट चालवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय मात्र डब्लिनमध्येच राहिले.