परमिट रूममधलं परमिट कुणाचं?

‘बसायचं का?’ एवढं विचारलं की पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. कुठे बसायचं तेही ठरलेलंच असतं. दारावर ‘फॅमिली रेस्टॉरंट व परमिट रूम’ अशी पाटी, पुढे चार टेबलं फॅमिलीसाठी आणि मागे नॉन-एसी. दोन क्वार्टर, सोडा, मसाला पापड, मीठ-लिंबू लावलेली काकडी, चकटफू शेंगदाणे आणि उठायच्या वेळी दोघांत एक दाल खिचडी. बिल येतं ते दोन तुकड्यांत: जेवणाचं वेगळं, त्यावर जीएसटी, दारूचं वेगळं, त्यावर व्हॅट. १४ जुलै २०२५ रोजी राज्यभरातल्या बारमालकांनी एक दिवस शटर ओढलं, ते या दुसऱ्या तुकड्यापायी. पाचाचा दहा टक्के झालेला व्हॅट, वाढलेली लायसन्स फी आणि जूनमधली शुल्कवाढ अशी त्यांची तक्रार होती.

पण त्याआधी पाटीवरच्या शब्दाकडे बघायला हवं. वर्षानुवर्षं आपण तो वाचतो आणि चुकीचा समजतो. दारू विकायचं परमिट ज्याच्याकडे आहे ती परमिट रूम, असा सर्वसाधारण समज आहे. हॉटेलमालकाकडे असतं ते विदेशी दारू विकायचं लायसन्स, एफएल-३. परमिट असतं पिणाऱ्याकडे, निदान असायला हवं. ज्याच्याकडे पिण्याचं परमिट आहे त्यालाच जिथे बसून पिता येईल ती खोली म्हणजे परमिट रूम. मराठीने हा घोळ आणखी वाढवला. सरकारी कागदावर लायसन्सला ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात, परमिटला ‘परवाना’. बोलताना आणि बातम्यांत मात्र दोन्हींना ‘परवाना’च. ‘बारचा परवाना रद्द’ ही बातमी आपण वाचतो, पण आपला स्वतःचा परवाना कुठे आहे हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही येत नाही.

हा प्रश्न येतो तो १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून. त्याआधी १९३९च्या ऑगस्टमध्ये मुंबई शहरात दारूबंदीचा प्रयोग झाला होता, तो फार टिकला नाही. १९४९चा कायदा मात्र टिकला, इतका की तो आजही आहे. नावातलं ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आलं, बाकी इमारत तीच. तत्त्वतः महाराष्ट्रात पिणं मना आहे आणि परमिट हा त्याला अपवाद. त्या काळी अपवाद खरोखरच अपवाद होता. प्रकृतीसाठी दारू लागते असा डॉक्टरचा दाखला असेल तर, किंवा माणूस परदेशी असेल तर. परमिटवाल्यांनी मोठ्या हॉटेलांतल्या ठरावीक खोलीत बसायचं, बाकीच्यांनी चोरून दारू विकणाऱ्या आंटीच्या अड्ड्यावर किंवा हातभट्टीवर जायचं. १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधी आणि प्रसाधनाच्या मद्यार्कावरची बंदी उडवली. व्हिस्की-ब्रँडीवरची तशीच ठेवली. १९६०ला राज्य फुटलं तेव्हा हाच कायदा दोघांच्या वाट्याला आला. गुजरातने तो पाळायचा ठरवला. आपण तो ठेवून घेतला आणि साठीच्या दशकापासून एकेक खिळा ढिला करत गेलो. त्यामुळे तलासरीत बार आणि उंबरगावात बंदी, आणि दोन्हीकडच्या कायद्याची आई एकच.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक त्या सैल करण्यात झाली. कायदा रद्द करायचं धाडस नव्हतं, म्हणून परमिट स्वस्त केलं. आज एका दिवसाचं परमिट विदेशी दारूसाठी पाच रुपये, देशीसाठी दोन. वर्षाचं शंभर, आजन्म हजार. बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, कडक दारूला २५. कागदावर सगळं चोख. प्रत्यक्षात गल्ल्याच्या खणात एकदिवसीय परमिटांचं पुस्तक पडून असतं आणि त्यात नावं कुणाची, कधी लिहिली जातात हे विचारू नये. मागच्या टेबलावरच्या विशीतल्या पोराला वेटर ‘रिपीट का साहेब?’ एवढंच विचारतो. तपासणी आली की मात्र हेच पुस्तक हत्यार होतं, मालकाविरुद्ध आणि कधीमधी गिऱ्हाइकाविरुद्धही.

परमिट रूम सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती १९७०नंतर. काही इराण्यांनी ब्रून-मस्का बाजूला सारून बिअर ठेवली. मंगळुरू-उडुपीकडच्या शेट्टींनी इडली-डोशाच्या हॉटेलांशेजारी बार काढले आणि मुंबईचा ‘क्वार्टर बार’ खऱ्या अर्थाने घडवला: तिखट चखणा, कोळीवाडा, बिर्याणी, आणि एका क्वार्टरवर दोन तास बसू देणारा वेटर. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याला तेवढं बसणंही पुष्कळ होतं. डान्स बारचं प्रकरण (२००५ची बंदी आणि पुढची कोर्टबाजी) याच धंद्याचं असलं तरी वेगळं. त्या गदारोळात साध्या क्वार्टर बारची उगाच बदनामी झाली.

मग आलं २०१७. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर २०१६मध्ये लागला आणि १ एप्रिलपासून लागू झाला. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना २२० मीटर. मद्यधुंद ड्रायव्हर हे कारण खोटं नव्हतं. पण आपल्याकडे गाव वसतं तेच रस्त्याच्या कडेला, त्यामुळे कितीतरी गावांचे सगळेच बार एका रात्रीत बंद. जुलैमध्ये शहरांच्या हद्दीला सूट मिळाली, तोवर कितीतरी वेटर गावी परतले होते. चंद्रपुरात तर १ एप्रिल २०१५ला जिल्हाच कोरडा झाला आणि २०२१मध्ये पुन्हा ओला.

राहिलं जून २०२५चं. ‘भारतीय बनावटीचं विदेशी मद्य’ (या नावावरही कधीतरी लिहायला हवं) यातल्या स्वस्त मालावरचं शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर गेलं. दुकानात क्वार्टरची, म्हणजे १८० मिलीची, किमान किंमत २०५ रुपये झाली. राज्यातच धान्यापासून बनणाऱ्या दारूचा १४८ रुपयांचा नवा वर्ग काढला, तो गरिबाला पर्याय म्हणून. दुकानातले २०५ टेबलावर येईपर्यंत किती होतात ते मेनूकार्डावर चिकटवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून कळतं; काही ठिकाणी पट्टीवर पट्टी आहे. पाच रुपयांच्या परमिटाला मात्र अजून कुणी हात लावलेला नाही.