सुचतं ते वाढवायचं, सुचत नाही ते काढायचं

नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे महिन्यातल्या अशा दुपारी लाल दिव्याशी थांबलेल्या दुचाकीस्वाराला वरून ऊन, खालून डांबराची धग आणि शेजारच्या बसच्या इंजिनाची झळ. त्याच्यासाठी काय करता येईल, असं विचारलं की चटकन सुचतं ते म्हणजे चौकात हिरवी नेट ताणा, फवारे बसवा. वाहतूक पोलिसांनी अलीकडच्या काही उन्हाळ्यांत वेगळंच केलं. रहदारी विरळ असते त्या भर दुपारी अनेक सिग्नलच बंद ठेवले.

असं काही सहसा सुचत का नाही, यावर व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. लेगोच्या ठोकळ्यांचा एक डोलारा, त्याचं छप्पर कोपऱ्यातल्या एकाच ठोकळ्यावर तोललेलं. वर वीट ठेवली तरी कोसळू नये, अशी डागडुजी करायची. बक्षीस एक डॉलर, पण प्रत्येक नव्या ठोकळ्यामागे त्यातले दहा सेंट कापणार. खरं तर तो एकुलता ठोकळा काढून छप्पर खाली टेकवलं की काम फुकटात होतं. हे ४१ टक्के लोकांनीच केलं. ‘ठोकळे काढायला पैसे पडत नाहीत’ एवढं आधी सांगितल्यावर आकडा ६१ टक्क्यांवर गेला. याच अभ्यासात, एका विद्यापीठाच्या नव्या प्रमुखांनी मागवलेल्या सूचनाही तपासल्या होत्या. ‘अमुक बंद करा’ सांगणाऱ्या जेमतेम ११ टक्के निघाल्या. आपल्याकडे तरी वेगळं काय? बैठकीतून नवी समिती निघते, नवा अर्ज निघतो. अमुक दाखला मागणं सोडून द्या, असं म्हणणारा विरळाच.

त्यात बैठक हीच कल्पनांच्या मुळावर येते. चौघं एकत्र बसून बोलतात त्यापेक्षा चौघं वेगवेगळी बसून विचार करतात तेव्हा जास्त कल्पना निघतात, हे येल विद्यापीठातल्या प्रयोगात १९५८ मध्येच दिसलं होतं. एक बोलत असताना बाकीचे खोळंबतात आणि तेवढ्यात डोक्यातलं निसटतं. शिवाय साहेब आधी बोलले तर विषयच संपला. म्हणून आधी चिठ्ठ्या, मग चर्चा. चिठ्ठीवर दोन रकाने आखावेत, ‘काय सुरू करू’ आणि ‘काय बंद करू’. दुसरा रिकामा असेल तर चिठ्ठी परत.

दुसरी युक्ती प्रश्नच फिरवण्याची. ‘सांडपाणी सोडायचं कुठे?’ याला नाला किंवा नदी हेच उत्तर मिळतं. ‘हे पाणी कोणाला हवंय?’ असं विचारलं की वीज केंद्र दिसू लागतं. नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक केंद्राला द्यायचं ठरलं, दिवसाला १३ कोटी लिटर, तेही विकत. यंत्रं थंड ठेवायला पिण्याजोगं पाणी लागतच नाही, आणि पेंच धरणाच्या पाण्यावर तर शहराचा मोठा भाग जगतो.

अर्थात काढून टाकलेल्या गोष्टीचीही किंमत असते. सिग्नल नसलेला रुंद रस्ता काठी टेकत ओलांडणाऱ्या आजोबांना दुपारीही ओलांडायचाच असतो. त्यामुळे आधी दोन-चार चौकांत बंद ठेवून, तिथे पायी चालणारे किती वेळ अडकतात हे मोजावं आणि मगच शहरभरासाठी आदेश काढावा.