रिस्क की इश्यू? मांडवाला आग 'लागेल' आणि 'लागली' यातला फरक

शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. ही म्हण आपण अपशकुनी बोलणाऱ्याला गप्प करायला वापरतो, पण मला कायम वाटतं की बिचाऱ्या नाऱ्याचं चुकलं काय? आग खरंच लागली असेल तर सांगितलं ते बरंच केलं की, त्यावर चिडण्यापेक्षा बादल्या आणा. आणि आग लागली नसेल, नुसती हॅलोजनची तापलेली वायर कापडाला टेकलेली बघून तो बोलला असेल, तर त्याने 'लागली' न म्हणता 'लागेल' म्हणायला पाहिजे होतं. सगळा घोळ त्या एका क्रियापदात आहे.

प्रोजेक्टमध्ये रिस्क आणि इश्यू या दोन शब्दांचा जो गोंधळ चालतो तो अगदी हाच. रिस्क म्हणजे अजून न झालेली, होईल की नाही हे नक्की नसलेली, पण झाली तर आपल्या कामाला धक्का देणारी गोष्ट. इश्यू म्हणजे झालेली, किंवा आत्ता समोर चालू असलेली गोष्ट. आयएसओ ३१००० नावाचं रिस्क मॅनेजमेंटचं स्टँडर्ड आहे, २००९ मध्ये आलं, २०१८ मध्ये सुधारलं, त्यात रिस्कची व्याख्या साधारण 'उद्दिष्टांवर होणारा अनिश्चिततेचा परिणाम' अशी आहे. त्यातला अनिश्चितता हा शब्द धरून ठेवा. अनिश्चितता संपली की ती रिस्क राहत नाही. (त्या व्याख्येप्रमाणे चांगला परिणाम पण रिस्कमध्येच येतो, पण आपल्याकडे रिस्क म्हटलं की कोणालाच चांगलं काही आठवत नाही, तेव्हा ते सोडून देऊ.)

ऐकायला इतकं सोपं आहे की यात कोणी चुकत असेल असं वाटत नाही. आता कुठल्याही चालू प्रोजेक्टचं रिस्क रजिस्टर, म्हणजे रिस्कची यादी ठेवायची शीट, उघडा. 'क्लायंटकडून टेस्ट डेटा उशिरा येतोय.' 'टीममध्ये दोन माणसं कमी आहेत.' 'सर्व्हरचं अप्रूव्हल पेंडिंग आहे.' आणि प्रत्येकाच्या पुढे प्रोबॅबिलिटीच्या रकान्यात मीडियम. अरे बाबा, डेटा उशिरा येतोय म्हणजे येतोयच ना, घडत असलेल्या गोष्टीची शक्यता मीडियम कशी काय? शंभर टक्के आहे ती. या तिन्ही ओळी इश्यू आहेत, चुकीच्या शीटमध्ये बसल्यात.

आणि हे अज्ञानामुळे होतं असं मला अजिबात वाटत नाही. सर्टिफिकेशन केलेली माणसं पण हेच करतात, कारण त्यात सोय आहे. इश्यू लिहिला की त्याच्यापुढे एका माणसाचं नाव आणि एक तारीख लिहावी लागते, कोणाला तरी फोन करावा लागतो, वर सांगावं लागतं, स्टेटस लाल होतं. रिस्क लिहिली की 'मॉनिटर करतोय' एवढं टाकलं की महिनाभर निवांत, रंग पिवळा, मीटिंगमध्ये कोणाच्या भुवया वर जात नाहीत. म्हणजे इश्यूला रिस्क म्हणणं हा वेळ विकत घ्यायचा सभ्य मार्ग आहे. आणि याच्या उलट, खरी रिस्क मात्र कोणी लिहितच नाही, कारण ती बोलून दाखवणारा नाऱ्या ठरतो, 'आत्तापासून निगेटिव्ह कशाला' हे त्याला ऐकावं लागतं. त्यामुळे रजिस्टर झालेल्या गोष्टींनी भरतं आणि होऊ शकणाऱ्या गोष्टी कँटीनमध्ये चहासोबत बोलल्या जातात.

माझाच एक अनुभव. एका जुन्या ऑफिसात डेटा मायग्रेशनचं काम चालू होतं, डेटाबेस सांभाळणारा एकच माणूस. रजिस्टरमध्ये ओळ होती, 'अॅट्रिशनची (माणूस नोकरी सोडून जाण्याची) रिस्क, शक्यता लो'. त्या माणसाने पेपर टाकून तीन आठवडे झाले होते, सगळ्या फ्लोअरला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि दर सोमवारी मी ती ओळ वाचून पुढे जायचो कारण बदलली असती तर 'मग केटीचा (नॉलेज ट्रान्सफरचा, म्हणजे त्याचं काम दुसऱ्याला शिकवून ठेवायचा) प्लॅन काय' हा प्रश्न आला असता आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेवटी त्याचा शेवटचा दिवस आणि आमचं कटओव्हर (जुन्या सिस्टिमवरून नवीन सिस्टिमवर जायचा दिवस) एकाच आठवड्यात आलं, पुढचं काय ते समजून घ्या.

आज लिहिलं असतं तर त्या एका ओळीच्या दोन केल्या असत्या. त्याने पेपर टाकला हा इश्यू, जबाबदारी डिलिव्हरी मॅनेजरची, तारीख त्याच्या शेवटच्या दिवसाच्या बरीच आधीची. आणि तो जायच्या आत केटी पूर्ण झाली नाही तर कटओव्हर घसरेल, ही रिस्क, कारण ते अजून झालेलं नव्हतं आणि तीन आठवड्यांपूर्वी टाळता पण आलं असतं. हा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही, की इश्यूच्या पोटी नवीन रिस्क जन्माला येतात. इश्यूला रिस्क म्हणून झाकून ठेवलं की त्याच्या पोटातल्या खऱ्या रिस्क दिसतच नाहीत. माझं नुकसान तिथे झालं.

आता मोठं उदाहरण घेऊ, आणि ते घरचंच आहे, कोकण रेल्वे. १९९० मध्ये कॉर्पोरेशन स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख होते, रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण ७४० किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल, आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. बांधतानाची कथा सगळ्यांना माहीत असते, मला मात्र त्याच्या नंतरची जास्त शिकवणारी वाटते.

दरड कोसळणं ही कोकणात दर पावसाळ्यातली रिस्क. डोंगर कापून रूळ टाकलेत, कोसळणारा पाऊस, माती भिजली की सैल होते, कधी, कुठे, किती मोठी दरड येईल ते कोणी सांगू शकत नाही, पण येऊ शकते हे पक्कं माहीत आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीचे दगड रुळांवर आले, कारवारहून मुंबईला निघालेली गाडी घसरली आणि ५० हून जास्त माणसं गेली. वर्षभरातच, १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळांवर पडलेल्या दगडांमुळेच पुलावर घसरली आणि पुन्हा माणसं गेली.

आता त्या दगडाकडे आपल्या दोन शब्दांनी बघा. दगड डोंगरावर आहे तोवर रिस्क आहे, आणि तिच्यावरचं काम महिनोन्महिने, शांतपणे, ऊन असताना करायचं असतं: कटिंगचा उतार कमी करणं, जाळ्या बसवणं, सैल दगड आधीच काढून टाकणं. पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक असतं, बरीच वर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, त्यात गाड्या मुद्दाम हळू चालतात. मुंबईहून गणपतीला जाणारा प्रत्येक चाकरमानी त्यावर कुरकुर करतो, मी पण केलीय, पण तो जादा वेळ म्हणजे रिस्कसाठी आधीच मोजलेली किंमत आहे. दगड रुळावर आला की मात्र तो इश्यू. मग उतार आणि जाळ्यांच्या गप्पा नाहीत, गाडी कुठे थांबवायची, जवळचं मशीन कुठल्या स्टेशनवर उभं आहे, प्रवाशांना पाणी कोण देणार, दुसऱ्या मार्गाने कुठल्या गाड्या वळवायच्या, सगळं मिनिटांच्या हिशोबात. माणसं वेगळी, प्रश्न वेगळे, घड्याळ वेगळं. म्हणून तर दोन याद्या वेगळ्या ठेवायच्या. एकाच मीटिंगमध्ये दोन्ही घेतलं की इश्यू आरडाओरडा करून सगळा तास खातात आणि रिस्कची पाळी आली की कोणीतरी म्हणतं, पुढच्या आठवड्यात बघू.

मधला एक तुकडा मात्र लोक विसरतात, तो म्हणजे ट्रिगर. रिस्क आता इश्यू होणार हे सांगणारी खूण. कोकण रेल्वेत काही स्टेशनांवर पाऊस मोजायची यंत्रं आहेत, सावित्री आणि वाशिष्ठीसारख्या नद्यांच्या पुलांवर पुराच्या पातळीची सूचना देणारी व्यवस्था आहे, पावसाळ्यात रुळांवरून गस्त घालणारी माणसं असतात. पाऊस इतका वाढला आणि समोरचं दिसेनासं झालं तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा, पाणी अमुक रेषेच्या वर गेलं तर गाडी पुलावर न्यायचीच नाही, हे आधी ठरलेलं असतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला महापूर आला तेव्हा चिपळूण आणि कामथे स्टेशनांमधल्या पुलापाशी वाशिष्ठीचं पाणी धोक्याच्या वर गेलं आणि वाहतूक थांबवली, साधारण ६ हजार प्रवासी ठिकठिकाणी अडकले. अडकले म्हणून बातम्या झाल्या, लोक वैतागले, साहजिक आहे. पण अडकणं हा इश्यू झाला म्हणून त्याच्यापेक्षा कितीतरी भयंकर असलेला इश्यू झाला नाही. तुमच्या रजिस्टरमध्ये ट्रिगरचा रकाना आहे का आणि त्यात 'टीबीडी' (नंतर ठरवू) सोडून काही आहे का, ते एकदा बघा.

इश्यूला रिस्क म्हणण्याची चूक किती महागात पडते त्याचं उदाहरण अमेरिकेतलं, चॅलेंजर यान. २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सातही अंतराळवीर गेले. कारण होतं रॉकेटच्या जोडातली ओ-रिंग, म्हणजे रबराचं सील, थंडीत कडक झालं आणि तापलेला वायू बाहेर पडला. आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा, ओ-रिंग झिजलेली पहिल्यांदा १९८१ मध्येच दिसली होती. नंतरच्या उड्डाणांत परत परत दिसली. म्हणजे झीज हा इश्यू होता, झालेला, डोळ्यांनी बघितलेला. पण दर वेळी यान सुखरूप परत आलं म्हणून ती 'स्वीकारलेली रिस्क' या खात्यात जात राहिली. उड्डाणाच्या आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर फोनवर सांगत होते की इतक्या थंडीत उडवू नका, तोवरचं सगळ्यात थंड उड्डाण साधारण १२ डिग्री सेल्सिअसला झालं होतं आणि सकाळी पारा २ च्या आसपास असणार होता. त्यांच्याच मॅनेजमेंटने शेवटी होकार दिला. त्या रात्री टेबलावर दोन गोष्टी होत्या: डिझाइन चुकलंय हा इश्यू, आणि उद्याच्या थंडीत सील निकामी होईल ही रिस्क. दोन्हींचा एकच लगदा झाला आणि वाद 'थंडीमुळेच होतं हे सिद्ध करा' यावर अडकला. रिस्क सिद्ध करायची नसते हो, सिद्ध झाली की ती रिस्कच उरत नाही.

लिहायचं कसं, तर मी एक साधी पद्धत वापरतो. रिस्कच्या वाक्यात 'तर' आलाच पाहिजे. 'नवीन व्हेंडरने हे काम आधी केलेलं नाही, त्यामुळे इंटिग्रेशन पहिल्या फटक्यात चाललं नाही तर यूएटी (युजरने स्वतः करायचं टेस्टिंग) दोन आठवडे पुढे जाईल.' यात कारण आहे (व्हेंडर नवखा, हे सत्य, यात शंका नाही), घटना आहे (इंटिग्रेशन न चालणं, ही शंका), परिणाम आहे (यूएटी पुढे). 'व्हेंडर रिस्क' असे दोन शब्द लिहून ठेवणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळूच शकत नाही. इश्यूच्या वाक्यात 'तर' नाही, 'तर' आला की समजायचं शीट चुकली. इश्यूमध्ये भूतकाळ किंवा वर्तमानकाळ, एक नाव आणि एक तारीख. नाव म्हणजे माणसाचं, 'इन्फ्रा टीम' हे नाव नाही.

पैशाचंही तसंच आहे. रिस्कसाठीचा पैसा आधी बाजूला काढायचा असतो, कंटिंजन्सी म्हणून, आणि तो शक्यता आणि फटका दोन्ही बघून. इश्यू आल्यावर पैसा मागायला गेलात तर ती तहान लागल्यावर खणलेली विहीर, पाणी लागतं कधीकधी, पण उशिरा आणि दुप्पट मजुरीत. असम्पशन आणि डिपेंडन्सी (गृहीत धरलेल्या गोष्टी आणि दुसऱ्यांवर अवलंबून असलेल्या गोष्टी) हे आणखी दोन भाऊ या दोघांसोबत एकाच यादीत राहतात, तिला चौघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून रेड (RAID) लॉग म्हणतात, त्यांच्यावर परत कधीतरी.

राहिला प्रश्न क्लोज करायचा. इश्यू सुटला की क्लोज, सोपं आहे. रिस्कचं मात्र लोक असं करतात की ती एकदा घडली की 'कन्व्हर्टेड टू इश्यू' लिहून ओळ बंद, जणू एकदा झालं म्हणजे परत होणार नाही. कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा घ्या. बांधतानाच तिथल्या मऊ मातीने सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आणला होता, खणलेलं परत ढासळायचं. मार्ग सुरू झाला, गाड्या धावल्या, वर्षं गेली. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच बोगद्याची भिंत काही मीटर कोसळली आणि गाड्या पनवेल, पुणे, मिरज, लोंढा अशा फिरवून मडगावला न्याव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये परत तिथेच पाणी शिरलं आणि वाहतूक थांबली. दोन्ही वेळा इश्यू सुटला, बंद झाला, गाड्या परत सुरू झाल्या. त्या बोगद्याची रिस्कची ओळ मात्र अजून उघडीच ठेवायला हवी, आणि पुढच्या जूनच्या आधी कोणीतरी ती वाचायला हवी.