कप उचलला की डेव्ह, झेंडा उतरला की मारिओ

चवथीला सगळे घरी जमलो की आरतीनंतर पडवीत गप्पा रंगतात. आमच्या वयाची मंडळी असली की त्यात एक वाक्य हमखास येतं: "कॉम्प्युटर क्लासात मारिओचा गेम खेळायचो, आठवतं? कप घ्यायचा आणि दारातून बाहेर!" यंदा हे माझा मामेभाऊ म्हणाला. मी म्हटलं, "तो मारिओ नाय रे, तो डेव्ह." त्याला पटेना. लाल टोपी, उड्या, विटांच्या भिंती, वरून गोळा करायच्या वस्तू, सगळं तेच तर होतं.

त्याचं चूक म्हणावं असं काही नाही. हीच गफलत मी देवगडपासून रत्नागिरीपर्यंत कितीतरी जणांकडून ऐकली आहे. पण डेव्हचा गेम आमच्या लहानपणाचा एवढा मोठा तुकडा आहे की त्याला दुसऱ्याच्या नावाने हाक मारलेली मला सोसत नाही. म्हणून दोघांना एकदा शेजारी शेजारी उभं करतो.

दोघे आमच्या घरात आले तेच मुळी वेगवेगळ्या वाटांनी. मारिओ आला चाकरमान्यांच्या सामानातून. 1996 च्या मे महिन्यात हाच मामेभाऊ रातराणी एसटीने आला, तेव्हा त्याच्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळलेला टीव्ही गेम होता. दोन रिमोट, एक अडाप्टर, पिवळी कॅसेट. माजघरातल्या टीव्हीला तो जोडायचा, मग चॅनल शोधत बसायचं, आणि मुंग्यांमधून एकदम निळं आकाश उघडायचं. ते यंत्र मूळच्या जपानी फॅमिकॉमची नक्कल होतं. निन्टेंडो कंपनीने फॅमिकॉम 1983 मध्ये काढला आणि 'सुपर मारिओ ब्रदर्स' त्यावर 13 सप्टेंबर 1985 ला आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला, कोजी कोंदो यांनी त्याचं संगीत केलं. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, म्हणजे एकूण 32 टप्पे, आणि हे सगळं अवघ्या 40 केबीत. आज फोनवर आलेला गणपतीचा एक फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो.

डेव्ह आला फ्लॉपीवरून. त्याच सुट्टीत आम्हा दोघांचं नाव बाजारातल्या एका कॉम्प्युटर क्लासात घातलं होतं. चार मशिनी, त्यांच्यावर शिवलेली कापडी खोळ, दाराबाहेर चपलांची रांग. तासभर डॉसच्या, म्हणजे तेव्हाच्या कॉम्प्युटर प्रणालीच्या, कमांडी घोकल्या की शेवटची दहा मिनिटं सर गेमची फ्लॉपी द्यायचे. काळ्या पडद्यावर 'डेव्ह' एवढंच टाइप करून एंटर मारायचा. त्याचं पूर्ण नाव 'डेंजरस डेव्ह'. जॉन रोमेरो यांनी तो आधी ॲपल टू कॉम्प्युटरसाठी 1988 मध्ये लिहिला आणि अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या सॉफ्टडिस्क कंपनीत असताना 1990 मध्ये पीसीवर आणला. सॉफ्टडिस्कचा धंदा होता फ्लॉपीवरची मासिकं काढायचा. वर्गणीदाराला दर महिन्याला पोस्टाने फ्लॉपी जायची. अशा मासिकातला एक छोटा गेम फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत आमच्या समुद्रकाठच्या बाजारपेठेपर्यंत पोचला. तो कुणी कुणाला दिला याची साखळी आता कोण सांगणार!

दिसायला दोघांत साम्य आहे ते काही योगायोगाने नाही. डेव्हवर मारिओची छाप आहे आणि रोमेरो यांनी ती कधी लपवलेली नाही. पण खेळायला बसलं की दोन मिनिटांत फरक कळतो.

टप्पा कसा संपतो ते आधी बघा. मारिओत बहुतेक टप्प्यांच्या शेवटी खांब येतो. उडी मारून तो धरायचा, मारिओ घसरत खाली येतो, झेंडा उतरतो. वाटेत काही घेतलं नाही तरी चालतं. डेव्हमध्ये सोन्याचा कप घेतल्याशिवाय दार उघडतच नाही. कप उचलला की पडद्याच्या तळाशी 'दारातून जा' अशी इंग्रजी पाटी झळकते. दारातून गेलं की डेव्ह एका बोळातून चालत जातो आणि वर लिहून येतं की शाब्बास, आता नऊच राहिले. एकूण दहा लेव्हल. ही पाटी वाचायची म्हणून आमच्यातल्या एकाने इंग्रजी वाचनाचा धसका सोडला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरी खूण उडीची. मारिओत बटण जेवढं दाबून ठेवाल तेवढी उडी उंच, पळत येऊन मारली तर लांब, आणि थांबायचं म्हटलं तरी तो थोडा घसरतो. त्याच्या अंगाला वजन आहे. डेव्हची उडी ठरलेली. वरचा बाण दाबला की तेवढाच वर, तेवढाच खाली. आणि मारिओ शत्रूच्या डोक्यावर उडी मारून त्याला चिरडतो, डेव्हला ते जमत नाही. त्याला बंदूक सापडायला लागते, कंट्रोलच्या बटणाने गोळी सुटते. पहिल्या दोन लेव्हलमध्ये कुणी शत्रू नसतो, तिसरीत कोळी फिरत येतात. टीव्ही गेमवर हात बसलेला पोरगा क्लासात आला की तिसऱ्या लेव्हलला न चुकता त्या कोळ्याच्या डोक्यावर उडी मारायचा आणि जळून खाक व्हायचा. आम्ही मागे उभे राहून वाटच बघत असायचो.

पण खरा फरक पडद्याचा आहे, आणि मला सगळ्यात जास्त तोच सांगायचा आहे.

मारिओत जग सरकतं. मारिओ चालतो आणि मागचे डोंगर, ढग, झुडपं एका धारेत डावीकडे वाहत जातात, होडीतून किनारा बघावा तसे. एकदा मागे गेलेला भाग परत मिळत नाही, डावीकडची कड भिंतीसारखी असते. डेव्हमध्ये जग थांबलेलं असतं. तुम्ही पडद्याच्या कडेपर्यंत चालत जाता, मग खेळ क्षणभर अडतो, चित्र झरझर ओढलं जाऊन पुढचा भाग समोर येतो आणि खेळ पुन्हा चालू. कॅलेंडरचं पान उलटल्यासारखं. मात्र इथे मागेही जाता येतं. कप राहिला असेल तर परत फिरा, पुन्हा पान उलटा.

तेव्हा मला वाटायचं, असं कसं? कॉम्प्युटर किती महाग, क्लासात त्याला हात लावायला फी भरायची, आणि तो टीव्हीला जोडायचा डबा म्हणजे खेळणं. तरी डब्यावरचं जग इतकं मऊ कसं सरकतं? अगदी पहिल्या पीसीचा प्रोसेसरसुद्धा 4.77 मेगाहर्ट्झचा होता, फॅमिकॉमचा तर 1.79 चा. उत्तर पुष्कळ वर्षांनी कळलं. फॅमिकॉममध्ये चित्रासाठी वेगळी चिप होती आणि सरकवणं हे तिचं अंगभूत काम होतं. तिच्याजवळ दोन पडद्यांएवढं चित्र शेजारी शेजारी मांडलेलं असायचं. प्रोसेसरने फक्त सांगायचं, एवढे ठिपके सरकव. पीसी बनला होता हिशेबासाठी, पत्रांसाठी. तिथे जग सरकवायचं तर प्रोसेसरला सगळा पडदा पुन्हा रंगवावा लागायचा, 320 गुणिले 200, म्हणजे 64 हजार ठिपके, सेकंदाला अनेकदा. ते त्याला झेपत नव्हतं. म्हणून डेव्ह पान उलटतो.

आणि नेमक्या याच अडचणीवर दोघांची एकदा खरोखरची गाठ पडली. सप्टेंबर 1990. सॉफ्टडिस्कमध्ये रोमेरो यांचे सहकारी जॉन कारमॅक यांना पीसीवर जग सरकवायची युक्ती सापडली. आकाशाचा तुकडा सरकून त्याच्या जागी आकाशाचाच तुकडा येणार असेल तर तो पुन्हा रंगवायचा कशाला? चित्र दाखवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाकडून थोडं सरकवून घ्यायचं आणि जे चौकोन खरोखर बदलले तेवढेच नव्याने काढायचे. हे दाखवण्यासाठी कारमॅक आणि टॉम हॉल यांनी रात्रभर बसून 'सुपर मारिओ ब्रदर्स 3' चा पहिला टप्पा पीसीवर हुबेहूब उतरवला. मारिओच्या जागी मात्र त्यांनी डेव्हला चालवलं, आणि सकाळी ती फ्लॉपी रोमेरो यांच्या टेबलावर ठेवून दिली. तिचं नाव होतं 'डेंजरस डेव्ह इन कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट', म्हणजे नावातच हक्कभंगाची कबुली. पुढे त्यांनी खुद्द मारिओचा नमुना करून निन्टेंडोला दाखवला. निन्टेंडोला पीसीवर मारिओ नको होता. मग तीच युक्ती घेऊन या मंडळींनी 'कमांडर कीन' हा गेम काढला, 14 डिसेंबर 1990 ला. दुसऱ्या वर्षी त्यांनी आयडी सॉफ्टवेअर कंपनी काढली, 'डूम' हा गाजलेला गेम तिचाच.

म्हणजे डेव्ह मारिओच्या जगात चालला होता, पण फक्त त्या एका फ्लॉपीवर. ही गोष्ट मी मामेभावाला सांगितली तेव्हा तो हातातला मोदक खायचा विसरला.

घोळात भर घालणारे आणखी दोघे आहेत, तेही सांगून टाकतो. डेव्हच्या हातात पहिल्यापासून मोठी बंदूक आहे, पडदा मऊ सरकतोय आणि भुताटकीचा वाडा आहे, असं आठवत असेल तर तो 1991 चा 'डेंजरस डेव्ह इन द हॉन्टेड मॅन्शन', आपण त्याला डेव्ह टू म्हणायचो. आणि डॉसवर खरंच मारिओ, ढगांसकट मारिओ खेळल्याचं आठवत असेल, तर तो बहुधा नेदरलँड्सच्या माइक विअरिंग यांनी 1994 मध्ये टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनात स्वतःच्या हौसेने लिहिलेला. निन्टेंडोचा नव्हे.

दोघांना आमच्याकडच्या हवेने मात्र सारखंच छळलं. कॅसेटच्या पिनांवर खाऱ्या वाऱ्याने हिरवट कीट धरायचा. आम्ही फुंकर मारायचो, त्याने ओल आणखी वाढायची हे ठाऊक नव्हतं. फ्लॉपीचं दुखणं याहून वाईट. मी आणलेली डेव्हची प्रत पुस्तकांच्या कपाटात ठेवली होती. एक पावसाळा गेला. श्रावणात काढून पत्र्याची झडप सरकवली तर आतल्या काळ्या चकतीवर पांढरी भुरी, लोणच्यावर धरते तशी, बारीक ठिपक्याठिपक्यांची. कापसाने पुसली तर चरा पडला. ती फ्लॉपी पुन्हा वाचली गेली नाही. पुढच्या वर्षी आजीने कपाटात पेटता बल्ब लावून ठेवायला सांगितलं, तबल्याच्या खोलीत असतो तसा.

पडवीतला वाद एवढ्याने मिटला नव्हता. मामेभावाने शेवटचा मुद्दा काढला. "मग ते संगीत?" आणि त्याने चाल गुणगुणून दाखवली, अगदी सुरात. ती चाल कोंदो यांची, मारिओची. क्लासातल्या मशिनीत फक्त आतला बारका स्पीकर होता. डेव्हला संगीत नाहीच, चालताना टिकटिक, कप घेतला की एक किरकिरी लकेर, बस. त्याच्या डोक्यात चित्र क्लासातलं राहिलं होतं आणि आवाज माजघरातला.

मी लॅपटॉप आणला, जुने डॉसचे गेम चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये डेव्ह लावला आणि त्याच्यासमोर सरकवला. पोरं भोवती जमली. पहिली लेव्हल त्याने न अडखळता काढली, बोटांना सगळं ठाऊक होतं. दुसरीही. तिसऱ्या लेव्हलला कोळी आला, आणि त्याने वरचा बाण दाबून बरोब्बर त्याच्या डोक्यावर उडी मारली.

आगीचा लोळ उठला. तो पडद्याकडे बघत राहिला.

"होय रे," म्हणाला, "डेव्हच."